मधुवंती टॉकीजच्या पायऱ्यांवरचा भात

आधी माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिण्याइतका प्रवास मी केलेला नाही. वर्गात ज्यांची प्रवासवर्णनं आपण वाचतो ती माणसं समुद्र ओलांडून गेलेली असतात. मी जतहून पनवेलला गेलो आणि परत आलो, एवढंच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं आधी कुणाला दाखवून घ्यावं हेही मला नीट समजलं नाही. सरांनी कॉलेजच्या अंकासाठी ‘पाहिलेल्या ठिकाणाबद्दल लिही’ म्हटलं आणि मी मान हलवली. अडचण अशी की जे ठिकाण पाहायला मी गेलो होतो ते आता नाही. मी ते एका सिनेमात पाहिलं होतं, आणि तो सिनेमा चारचौघांत नाव घेण्यासारखा नाही.

माझा हॉस्टेलमधला सोबती अक्षय याला एक विचित्र नाद आहे. जुने, स्वस्तातले हिंदी सिनेमे तो मोबाइलवर शोधून काढतो. खून, भूत, कारण नसताना पावसात भिजणाऱ्या बायका आणि मधेच विनोद म्हणून कुणाला तरी लाथ, असे ते सिनेमे. अक्षय ते गोष्टीसाठी बघत नाही. तो मागची टॉकीज बघतो.

“या लोकांकडं सेट बांधायला पैसे नसायचे,” तो मला सांगायचा. “टेंपोत कॅमेरा लपवायचा, सरळ रस्त्यावर जायचं, शूटिंग उरकायचं. त्यामुळं मागं खरी गावं दिसतात. खरी टॉकीज. चांगल्या सिनेमावाल्यांनी यांचा एक फोटोसुद्धा काढला नाही, बघ. या वाईट सिनेमांत ती राहिली.”

त्याच्याकडे अशा थांबवलेल्या चित्रांचा मोठा साठा आहे. पळणाऱ्या खुनी माणसाच्या मागे तिकिटाची खिडकी. भांडणाऱ्या गुंडांच्या मागे हाताने रंगवलेलं भलंमोठं पोस्टर. यातलं एकही टॉकीज आज उभं नाही, असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज जरा खाली यायचा.

एका रविवारी मी मेसमधून खोलीवर आलो तर अक्षय आणि शेजारच्या खोलीतली दोन मुलं एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावून हसत होती. दृश्य असं होतं. एका टॉकीजच्या रुंद पायऱ्या, वर गोल अक्षरांत ‘मधुवंती टॉकीज, पनवेल’ अशी पाटी. पायऱ्यांवरून एक गुंड एका तरुणीला दंडाला धरून ओढतोय. ती ओरडतेय, “कोई बचाओ, कोई बचाओ.” दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी, पण कुणी हलत नाही. तेवढ्यात उजवीकडून हातात जेवणाचा डबा घेतलेला एक हडकुळा माणूस धावत येतो आणि गुंडाच्या पाठीत डबाच घालतो. दुसरा गुंड त्याला ढकलतो, तो पायऱ्यांवर आडवा पडतो, डबा उघडतो आणि पांढराशुभ्र भात सगळ्या पायऱ्यांवर उडतो. वरून ‘टुईं’ असा आवाज घातलेला. आणि त्या माणसाच्या तोंडी, भलत्याच बारीक आवाजात, एक हिंदी वाक्य: “छोड दे, नहीं तो डब्बा मार दूँगा.”

“आणि पुढची गंमत बघ,” अक्षय म्हणाला. “यानंतर ती हिरॉईन सिनेमात येतच नाही. गायब! नंतर नुसता बांगड्या घातलेला एक हात दाखवतात आणि म्हणतात, तिचा खून झाला. काय डोकं लावलंय!”

मी पाटीकडे बघत होतो. शेजारच्या खोलीतला मुलगा म्हणाला, “अरे, हा डबेवाला तुझ्यासारखाच दिसतोय की!”

सगळे माझ्याकडे बघून पुन्हा हसले. मी मोबाइल हातात घेतला. चित्र थांबवलं. तो माझ्यासारखा दिसत होता, कारण मी माझ्या वडिलांसारखा दिसतो.

दादांना (आमच्या घरी वडिलांना दादाच म्हणतात) डावा हात कोपरात सरळ करता येत नाही. गिरणीचा पट्टा लागला, असं ते सांगतात. आमची पिठाची गिरणी आहे, म्हणून कधी शंका आली नाही. आणि अख्खं गाव त्यांना ‘हिरो’ म्हणतं. “हिरो, दळण झालं का?” “हिरोचं पोरगं कॉलेजात गेलं म्हणं.” लहानपणी मला या नावाचा अभिमान होता. माझ्या वडिलांनी काहीतरी मोठं केलं असणार, असं मी शाळेत सांगत असे. तरुणपणी गावातली बरीच मंडळी कामासाठी पनवेलला होती आणि दादाही तिथल्या भाताच्या गिरणीत होते, एवढं मला माहीत होतं. त्या मंडळींनीच ते नाव पनवेलहून गावात आणलं, हे मला त्या रविवारी हॉस्टेलच्या खाटेवर बसून कळलं. नाव कौतुकाचं नव्हतं.

दादांना विचारण्याचं धाडस मला झालं नाही. योगायोगाने एका भरती परीक्षेचं केंद्र मला नवीन पनवेलचं मिळालं. गावी जाऊन ते सांगितलं तेव्हा दादा जात्यात ज्वारी ओतत होते.

“पनवेलात?” ते म्हणाले. मग बराच वेळ नुसती गिरणी चालू राहिली. “परीक्षा दे आन् सरळ माघारी ये. गावात हिंडायला जाऊ नगंस. बघण्यासारखं काय न्हाई तितं.”

रात्रीच्या एस.टी.ने निघालो आणि सकाळी पनवेलच्या स्टँडवर उतरलो. उतरताच अंगाला हवा चिकटली. आमच्याकडे घाम येतो आणि वाळतो, इथे तो येतो आणि राहतो. स्टँडवर वडापाव घेतला. चटणी इतकी तिखट होती की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलेलं बघून वडेवाला म्हणाला, “घाटावरचे ना तुम्ही? मग तर तिखट खाणारे!” (कोकणातली माणसं आपल्याला ‘घाटावरचे’ म्हणतात.) मी उगाच आणखी एक वडापाव मागितला.

परीक्षेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पेपर सुटल्यावर केंद्राबाहेर एका तरुण रिक्षावाल्याला मोबाइलमधलं चित्र दाखवून विचारलं, “मधुवंती टॉकीज कुठं आहे?”

“टॉकीज नाका? बसा.”

म्हणजे आहे! जुन्या पनवेलात शिरलो, तळ्याच्या कडेने गेलो, दुकानांच्या गर्दीत एका चौकात त्याने रिक्षा थांबवली. “उतरा. टॉकीज नाका.”

समोर पाच मजली इमारत. खाली मोबाइलची, चपलांची, चष्म्यांची दुकानं. वर क्लास, दवाखाना आणि बँक.

“टॉकीज कुठाय?”

“हाच टॉकीज नाका.”

“पण टॉकीज?”

वेड्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. “भाऊ, टॉकीज कशाला असेल? नाव आहे ते.” आणि तो गेला.

मी तिथे किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. अक्षयने सांगितलं होतं की यातलं काही उरलेलं नसतं. तरी माझ्या मनात ती पाटी, त्या पायऱ्या आणि गर्दी अजून तशीच उभी होती. मला वाटत होतं की मी कोपऱ्यावरून वळलो की ती गर्दी दिसेल आणि कुणीतरी हललेलं असेल.

चित्र आणि इमारत ताडून बघावं म्हणून मोबाइल काढला तर तो बंद पडलेला. चार्जिंग संपलं होतं. समोरच्याच मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने चार्जर लावून दिला आणि मोबाइल सुरू होताच तेच चित्र वर आलं.

“हे कुठलं?”

“इथलंच,” मी म्हणालो. “तुमचं दुकान आहे तिथलं.”

“काय सांगता!” तो हसला. मग त्याने चित्र मोठं करून बघितलं, पाटी वाचली, आणि हसणं थांबलं. “आई शप्पथ. मी सात वर्षं भाडं भरतोय इथं. मालक म्हणायचे, ‘मी इथल्या दारावर उभा राहायचो.’ मला वाटायचं, वॉचमन होते.”

त्याने मालकांना फोन लावला. मालक म्हणजे नामदेवकाका, राहणार सुकापूर. टॉकीज होतं तेव्हा ते तिथे डोअरकीपर होते. पुढे त्यांच्या घरची जमीन विकली गेली, पैसा आला, टॉकीज पाडून इमारत झाली, तेव्हा त्यांनी हट्टाने नेमका हाच गाळा घेतला. फोनवर त्यांचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता. “कोन आलंय? मधुवंती बघाला? अरे, त्याला धरून ठेव! नाय, नको, इकडंच पाठव. जेवाला पाठव!”

सुकापूर म्हणजे नवीन पनवेलला लागून असलेलं गाव. गाव म्हणायचं, पण चहूकडे उंच इमारती, आणि त्यांच्या मधे नामदेवकाकांचं दुमजली घर, अंगणात तुळस आणि तुळशीशेजारी मोठी गाडी. काका सत्तरीच्या आसपासचे. गळ्यात जाड साखळी, अंगात बनियन. यमुनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावर बसून मासे साफ करत होत्या. त्यांनी मान वर करून मला बघितलं आणि बघतच राहिल्या. मला वाटलं, अनोळखी माणूस आला म्हणून बघत असतील.

“ये, बस. कुठला तू? जत? म्हंजे एवढ्या लांबून टॉकीज बघाला आलास? अगं, ऐकलंस का? आमच्या नातवाला सांग जरा, तो म्हंतो आजोबा काय तिकीटच फाडत व्हते ना!”

मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला, लहान मूल धरतात तसा. डोळे भरून आले त्यांचे. “ही बघ खिडकी. बाल्कनीची ही, ही खालची. हा सोडावाला. ह्यो मी! बघ, खाकी शर्ट! काय दिवस व्हते रं.”

आणि मग, मी न विचारता, त्यांनी तीच हकिकत सुरू केली.

“त्या दिवशी शूटिंग व्हती. गावात बोंब झाली, सगली लोकं जमली. डायरेक्टरनं आमाला सांगून ठेवलं व्हतं: ती बाय कितीपन ओरडली तरी कोनी हलाचं नाय, कोनी पुढं याचं नाय, कॅमेऱ्याकडं बघाचं नाय. आमी आपले खांबासारखे उभे. आनि तेवढ्यात एक येडा आला धावत! गिरणीतला कामगार. त्याला कुठं म्हायती शूटिंग हाय? डबा घेऊन आला नि घातला गुंडाच्या पाठीत!”

काका उठून उभे राहिले आणि दादा कसे धावले ते करून दाखवू लागले. एक हात पुढे, पाय फेंगडे. त्यांचा नातू दारात येऊन हसला.

“नि नंतर पिच्चर लागला ना आमच्याकडं, तर काय विचारू नको. त्या सीनला लोकं वन्स मोअर मागाची. ऑपरेटर मशीन थांबवाचा, रीळ मागं घ्याचा, नि परत लावाचा. दर शोला दोन दोन वेला. आपल्याकडं तांदलाच्या गिरण्या, लोकं खिशात तांदूल घेऊन याची. तो पडला की सगले पडद्यावर तांदूल उडवाचे, लग्नात अक्षता उडवतात तसे! एकदा तो सोता आला व्हता. मीच त्याचं तिकीट फाडलं. गिरणीतल्या पोरांनी आणलेला त्याला, चल तुझा पिच्चर लागलाय म्हनून. लोकांनी वलखलं ना त्याला. मंग पडदा सोडून त्याच्याच अंगावर तांदूल...”

“पुरे,” यमुनाकाकी म्हणाल्या.

“अगं, ऐक तर...”

“पुरे म्हंते ना. त्या पोराचं तोंड बघ.”

काका थांबले. मी काय करत होतो ते मला माहीत नाही. रडत नव्हतो. अक्षतांसारखे तांदूळ अंगावर पडणारा माणूस मला दिसत होता, आणि तो बावीस-तेवीस वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचा.

“ते माझे वडील आहेत,” मी म्हणालो.

काकांचा एक हात अजून पुढेच होता, डबा धरल्यासारखा. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला. नातू दारातून आत निघून गेला. काकीने हातातला कोयता बाजूला ठेवला, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

“मला वाटलंच,” त्या म्हणाल्या. “तू दारात आलास तवाच वाटलं. तोच चेहरा. आता ऐक, बाला. मी त्या दिवशी लेडीजच्या गेटवर व्हते. मी तितं शेंगदाणे इकाची. ती पोरगी माझ्यापासून एवढ्याच अंतरावर व्हती. ती काय ओरडत व्हती, म्हायत हाय?”

“कोई बचाओ,” मी म्हणालो.

“नाय. ते मागून घातलं त्यांनी. तितं आवाज कुठं घेत व्हते? मुका कॅमेरा व्हता. ती मराठीत ओरडत व्हती. ‘मला घरी जायचंय. कुणीतरी मला घरी सोडा. हे शूटिंग नाही, मला हे सोडत नाहीत.’ असं बोलत व्हती ती. खरं रडत व्हती.”

मला आधी अर्थच लागला नाही. मी तो तुकडा शंभर वेळा बघितला होता. तिचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत हे अक्षयने दाखवलं होतं, आणि या सिनेमांत काहीच जुळत नाही म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

“एका दिवसाचं नाचाचं काम म्हनून आणलेली तिला,” काकी सांगत होत्या. “मंग लॉजवर ठेवली, जाऊच देत नव्हते. ती ओरडली, पन लोकांना सांगून ठेवलेलं ना, ओरडली तरी हलाचं नाय. मंग कोन हलतो? लोकं म्हनत व्हती, काय झ्याक काम करते! माझे हातपाय गलाले. आनि तवा तुझा बाप आला. त्याला कोनी काय सांगितलं नव्हतं, म्हनून त्याला खरं ते ऐकू आलं. तो काय बोलला, ते पन आयक. ‘सोड तिला, घरात आयाबहिनी न्हाईत व्हय तुला?’ असं बोलला. तुमच्या तिकडच्या बोलीत. ते टुईं-बिईं काय नव्हतं.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय! तो पडला, सगले त्याच्याकडं बघून हसाला लागले. ते गुंड, तो डायरेक्टर, सगले त्याच्या मागं लागले. तिचा हात सुटला. मी तिला लेडीजच्या दारातून आत वढली, मागल्या दारानं काढली. माझ्या अंगावरची शाल दिली डोक्यावरून घ्याला. स्टँडवर नेऊन पेणच्या गाडीत बसवली. तितलीच व्हती ती, पेणच्या बाजूची.”

म्हणून ती नंतर सिनेमात नाही. म्हणून नुसता बांगड्यांचा हात. हॉस्टेलमध्ये आम्ही ज्या गोष्टीला हसलो होतो ती कथालेखकाची चूक नव्हती. ती पळून गेली होती. ती घरच्या वाटेला लागली होती, आणि नंतर मधुवंतीत माणसं त्यावर तांदूळ उडवत होती.

नामदेवकाका खाली बसले होते. “तू मला कवा बोलली नायस,” ते म्हणाले. खूप हळू म्हणाले.

“कवा बोलू? पहिल्या दिवशी बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. नंतर पिच्चर लागला. तू रोज घरी येऊन तो सीन करून दाखवाचास. आज केलास तसा.” काकी रागावलेल्या नव्हत्या. “नि मी शेंगदाणे इकनारी. माझं कोन आयकनार व्हतं?”

मग जेवण वाढलं. तांदळाची भाकरी, सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी आणि माशाचं कालवण. मी ज्वारीवर वाढलेला मुलगा, तांदळाची भाकरी इतकी मऊ असते हे मला माहीत नव्हतं. काकीने पुढे भात आणला तेव्हा मी ताटाकडे बघत राहिलो. त्यांनी तो वाढला नाही. आत नेऊन ठेवला.

निघताना काका गाडी घेऊन स्वतः आले. स्टँडकडे जाण्याऐवजी त्यांनी गाडी टॉकीज नाक्याला घेतली आणि मला इमारतीच्या बाजूच्या बोळात नेलं. तिथे स्कूटर लावलेल्या होत्या. त्यांनी दोन स्कूटर सरकवल्या. खाली लाल-काळ्या मोझॅकच्या तीन पायऱ्या होत्या, भिंतीत अर्ध्या गेलेल्या.

“एवढ्याच राहिल्या,” ते म्हणाले. “बिल्डरनं तोडल्या नाय. कोनाला म्हायत पन नाय.”

मी पायरीवर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हाने ती गरम होती. दादांचं कोपर कुठल्या पायरीवर आपटलं असेल, याचा मी विचार करत होतो.

“वडलांना माझा नमस्कार सांग,” काका म्हणाले. मग लगेच म्हणाले, “नको. नमस्कार नको सांगू. माझं नावच नको काढू.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “तूच बघ, बाला, काय सांगाचं ते.”

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. घाट चढून गाडी वर आली, हवा कोरडी झाली, आणि मी ठरवत होतो की घरी गेल्यागेल्या सांगायचं. घरी गेलो, दादांनी विचारलं, “पेपर कसा गेला?” मी म्हणालो, “बरा गेला.” आणि पिशवी उचलून आत गेलो. यमुनाकाकीच्या शब्दाशिवाय माझ्याकडे काय होतं? आणि त्या विषयाला हात लावला तर आधी मला दादांना सांगावं लागणार होतं की मी तो सिनेमा बघितलाय. तुम्हाला पडताना मी बघितलंय.

मी हॉस्टेलवर परतलो. अक्षयला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मोबाइलमधून तो तुकडा माझ्यासमोर काढून टाकला. तरी पाटीचं आणि पायऱ्यांचं एक चित्र त्याने ठेवलं आहे, ज्यात अजून कुणी धावत आलेलं नाही.

मी इथेच थांबणार होतो. मग दिवाळीच्या सुट्टीच्या थोडं आधी सुकापूरहून फोन आला. काकीचा नातू बोलत होता. मी निघून आल्यावर काकीने पेणच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांकडे चौकशी लावली होती, आणि एकीच्या ओळखीतून दुसरी, असं करत ती पायऱ्यांवरची मुलगी सापडली होती. ती आजी झाली आहे. त्याने मला तिच्या आवाजातला निरोप पाठवला.

मी तो ऐकला आणि त्याच दिवशी गावी गेलो. दादा गिरणीत होते. दोन बायका दळणासाठी बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “हिरो, पोरगं आलं बघा तुमचं.” मी दादांच्या कानाशी वाकून म्हणालो, “पनवेलहून निरोप आलाय. त्या पायऱ्यांवरच्या बाईचा.”

दादांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी हात वर करून गिरणी बंद केली. दळण अर्ध्यात असताना त्यांनी गिरणी बंद केलेली मी कधीच पाहिली नव्हती. पट्टा फिरत फिरत थांबला, आणि मी मोबाइल त्यांच्या कानाला लावला. पण एवढी शांतता झाली होती की सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“दादा, मला तुमचं नाव माहीत नाही, म्हणून दादाच म्हणते. मी त्या दिवशी घरी पोचले. गाडीत बसले आणि संध्याकाळच्या आत घरी पोचले. आई दारातच होती. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, कुठं सांगायचं तेच माहीत नव्हतं. मी तो सिनेमा कधी बघितला नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नाही. मी आत शिरताना मागं बघितलं, तर तुमचा डबा सांडला होता. तुम्हाला लागलं का हो फार? आणि तुम्ही त्या दिवशी जेवलात का?”

निरोप संपला. दादा जात्याच्या तोंडाकडे बघत होते.

“परत लाव,” ते म्हणाले.

मी परत लावला. तो संपला तसं त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंडावरचं पीठ पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग गिरणीचं बटण दाबण्यासाठी हात वर केला. डावाच हात केला, तो अर्ध्यात थांबला, मग उजवा केला.

“तिला सांग,” ते म्हणाले, “लागलं न्हाई म्हणावं. आन् डबा रिकामाच व्हता. माझं जेवान झालं व्हतं.”